मालवणच्या होडीत बसावं का?

देवबागच्या किनाऱ्यावर गाडी थांबली, की प्रवासी खाली उतरायच्या आत दर सांगायला माणूस हजर होतो. डॉल्फिन, सुनामी बेट, संगम, भोगवे, निवतीचा किल्ला, गोल्डन रॉक. दोन-अडीच तासांत इतके 'पॉइंट'. मालवणच्या धक्क्यावर गेलं तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेरीचं तिकीट, आणि बाजूला कोणीतरी पाण्याखालचं प्रवाळ दाखवतो म्हणून थांबवतो. आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीहून घाट उतरून आलेल्या माणसाला समुद्र वर्षातून एकदा भेटणार, त्यामुळे सगळंच हवंसं वाटतं. पण गाडीत म्हातारी माणसं असतात, पोरं असतात, पैसे मोजके असतात आणि वेळ त्याहून मोजका. माझं मत आधीच सांगतो. छोटी होडीफेरी घ्यावी, जरूर घ्यावी, फक्त पॉइंट मोजून घेऊ नये. वेळ कोणती, तिथी कोणती आणि सुकाणूवर माणूस कोण, हे पाहून घ्यावी.

आमच्याकडून मालवणला जायचं म्हणजे आधी कोल्हापूर गाठायचं आणि मग घाट निवडायचा. बांबवडे, मलकापूर करत आंबा घाट उतरलं तर आपण रत्नागिरीकडे निघतो. गणपतीपुळ्याला जाणारी कोडोलीची मंडळी हीच वाट धरतात. मालवणसाठी मात्र गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा रस्ता. गगनबावड्यावरून दोन फाटे खाली उतरतात, करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या दिशेला. फोंड्याचा रस्ता राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून जातो आणि कणकवलीजवळ महामार्गाला मिळतो. पावसाळ्यात दरडी कोसळून आणि एरवी दुरुस्तीसाठी हे घाट बंद राहतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करायची. कोल्हापूर ते मालवण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण घाट, चहा आणि पोरांच्या उलट्या धरल्या तर अर्धा दिवस जातोच.

आम्ही शेजारपाजारची चार घरं मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करून डिसेंबरात गेलो. पहाटे निघालो, दुपारच्या जेवणाला मालवणात. जेवण झाल्या झाल्या होडी ठरवायची घाई पोरांना होती, कारण समुद्र समोर दिसत होता. इथेच पहिला निर्णय लागतो, आणि तो कुठल्याही दरफलकावर लिहिलेला नसतो. किनाऱ्यावर रात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरचा वारा आत शिरतो, ते खारे वारे. दुपारनंतर हा खारा वारा जोर धरतो, पाण्यावर लाटांची बारीक पांढरी शेंडी दिसू लागते, होडी हिंदकळते, अंगावर पाणी उडतं. ज्यांना गाडी लागते त्यांना होडी दुपटीने लागते. पाण्यातलं काही पाहायचं असेल तर त्या चकाकीत आणि खळबळीत दिसतही नाही.

देवबागच्या एका तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, हे एका वाक्यात सांगितलं. "सक्काळी साताक येवा. नऊच्या मागसून इलात तर माका पैशे मिळतले, पण तुमका कायच गावाचा नाय." ज्या माणसाचं पोट फेऱ्यांवर चालतं आणि तरी जो स्वतःहून दुपारची फेरी नाकारतो, त्या माणसाच्या होडीत बसावं. आमच्यातल्या थोरल्या काकी तिथेच म्हणाल्या, "ह्याच्याबरुबर जाऊया. ह्यो खरं बोलतोय." संध्याकाळ आम्ही किनाऱ्यावर काढली आणि होडी सकाळसाठी ठरवली.

देवबाग ही जागा नकाशावर पाहून जावी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे माडांनी भरलेली वाळूची अरुंद पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, तोच संगम. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू यांची इथे रोज ओढाताण चालते, आणि त्यातून पाण्यात वाळूचे दांडे उठतात, सरकतात, बुडतात. सुनामी बेट म्हणून दाखवतात तो असाच एक दांडा. २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला असं इथले लोक सांगतात. भरतीला तो पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. म्हणजे हा पॉइंट दरफलकावर बारमाही असला तरी पाण्यावर दिवसातून ठरावीक वेळच असतो. ज्यांना भरतीच्या वेळी नेलं जातं ते कमरेभर पाण्यात उभे राहून फोटो काढतात आणि बेट कुठे आहे ते विचारतात.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि ओहोटी दुपारी बाराकडे. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळी. पुढे रोज सुमारे पाऊण तासाने वेळ सरकते. जागेजागी थोडा फरक पडतो, पण कोडोलीत बसून दिनदर्शिकेवरून सहलीची तारीख ठरवायला एवढं पुरतं. सकाळचा शांत समुद्र आणि उघडं पडलेलं वाळूचं बेट दोन्ही हवं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या पुढचे दोन-तीन दिवस धरावेत. अष्टमीच्या आसपास गेलात तर दोन्हींपैकी एक सोडावं लागेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्यामुळे संगमाच्या तोंडाशी ओढही जबर असते. अष्टमीची भांगाची भरती त्या मानाने मवाळ. आमच्या वारणा नदीत पोहायला शिकलेल्या पोरांना वाटतं आपल्याला पाणी येतं. नदीचं वाहणं एकाच दिशेचं असतं. संगमावरचं पाणी दिशा बदलतं आणि वाळूचा तळ पायाखालून काढून घेतं. तांडेल जिथे उतरा म्हणेल तिथेच उतरावं.

डॉल्फिनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माणसं सगळ्यात जास्त निराश होतात ती इथे, आणि दोष डॉल्फिनचा नसतो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ मुख्यतः दिसतो तो कुबड असलेला करडा डॉल्फिन, मच्छीमार त्याला गादा म्हणतात. पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. हा खोल समुद्रातला प्राणी नाही. उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी मासळीच्या मागे फिरतो, म्हणून तर छोट्या होडीतून तो दिसू शकतो. चित्रफितींमधल्यासारखा तो सहसा हवेत उड्या घेत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठीची कमान दिसते, पर दिसतो, आणि पुन्हा खाली. होडी शांत उभी असेल तर श्वास सोडल्याचा फुस्स आवाजही येतो. आम्हाला निवतीच्या बाजूला तीन-चारांचा कळप दिसला, त्यात एक पिल्लू आईला चिकटून. आमच्या तांडेलाने लांबूनच यंत्र मंद केलं, मग बंद केलं, आणि होडी वाहू दिली. बराच वेळ काहीच झालं नाही. पोरं कंटाळायच्या बेतात होती, तेवढ्यात कळप स्वतःच आमच्या आडवा गेला.

त्याच वेळी दोन होड्या भरधाव येऊन कळपाच्या पुढे वळल्या. कळप बुडाला तो दूर जाऊन निघाला, होड्या पुन्हा मागे. असा पाठलाग मला पाहवत नाही. हे प्राणी आवाजाच्या आधाराने मासळी शोधतात आणि एकमेकांना धरून राहतात. यंत्राच्या घरघरीत त्यांना ते करता येत नाही, आई-पिल्लाची ताटातूट होऊ शकते. या जातीची नोंद जगभर धोक्यात आलेली म्हणून झाली आहे, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे. तरीही पाठलाग होतो, कारण होडीतला प्रवासी 'अजून जवळ घ्या' म्हणून ओरडतो आणि होडीवाल्याला पुढचं गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून ठरवतानाच स्पष्ट सांगावं: दिसले नाहीत तरी चालेल, मागे लागू नका. हे ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर हलकं वाटल्याचं दिसतं तो माणूस आपल्या कामाचा. 'शंभर टक्के दाखवणार, नाहीतर पैसे परत' म्हणणारा पाठलाग करणार हे नक्की.

बाकीच्या पॉइंटांची गोष्ट लवकर संपते. भोगव्याचा किनारा सुंदर आहे, पण तिथे गाडीनेही जाता येतं. निवतीचा किल्ला आणि खालचे पिवळट खडक होडीतून पाहायला बरे वाटतात, तेवढ्यापुरते. निवतीच्या पुढे समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडक आहेत, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आणि वर दीपगृह. पण छोट्या फेरीत ते येत नाहीत आणि येऊही नयेत, समुद्र तिथे मोकळा आहे. म्हणजे पाच-सहा पॉइंटांच्या फेरीत होडीशिवाय मिळणार नाही असं दोनच: सकाळचा डॉल्फिन आणि ओहोटीचा वाळूदांडा. तांडेलाला सांगून या दोनांवरच सगळा वेळ खर्च केला तर फेरी सार्थकी लागते.

किल्ल्याची गोष्ट निराळी. तिथे जायला होडीशिवाय वाटच नाही, आणि माझ्या मते पन्हाळा तालुक्यातल्या माणसाने मालवणात एकच काही करायचं ठरवलं तर हे करावं.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांच्या आत, १६६७ मध्ये तो उभा राहिला. बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडे होतं असं सांगतात. बेट सुमारे ४८ एकरांचं, तट तीन किलोमीटरच्या घरातला, उंची तीस फुटांच्या आसपास, रुंदी बारा फूट. पायाच्या दगडांमध्ये शिसं ओतलं, कारण नुसता चुना लाटांपुढे टिकला नसता. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर चढत मोठ्या झालेल्या माणसाला हे आकडे ऐकून काही वाटणार नाही. पण होडी तटाजवळ आली की फरक दिसतो. पन्हाळ्याला डोंगराने उंची दिली, इथे ती सगळी दगड वाहून आणून उभी करावी लागली. आणि दरवाजा दिसतच नाही. तटाच्या दोन बाजू एकमेकींवर अशा वळवल्या आहेत की होडी अगदी तोंडाशी जाईपर्यंत समोर फक्त दगडी भिंत वाटते. हे किनाऱ्यावरून पाहून कळत नाही, फोटोतही नाही. त्यासाठीच होडीत बसायचं.

होडी दहा-पंधरा मिनिटांत पोचते. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात, आणि खरी अडचण तीच आहे. एका तासात ४८ एकर होत नाहीत. म्हणून दरवाजातच किल्ल्यावरचा माहीतगार सोबत घ्यावा. घेतला नाही तर माणसं थेट आत चालू लागतात आणि डोक्यावर, दरवाजाजवळच्या छोट्या घुमट्यांखाली चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे राहून जातात. पुढे शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधवलेलं. महाराजांची मूर्ती असलेलं मंदिर म्हणून ते पाहावंच, आणि इथली मूर्ती दाढी नसलेली, डोक्याला नावाड्यासारखं शिरस्त्राण असलेली आहे. मग दुधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. पन्हाळ्याची अंधारबाव पाहिलेल्या पोरांना लगेच कळतं की किल्ल्याची मुख्य चिंता पाण्याचीच असते. काही कुटुंबं अजून या बेटावर राहतात, त्यांच्याकडचं कोकम सरबत प्यावं.

आमच्या माहीतगाराला आम्ही पन्हाळ्याकडचे आहोत हे कळल्यावर तो थबकला आणि म्हणाला, "मग तुमचाच किल्ला म्हणायचा." तो उगाच बोलला नव्हता. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा ही हद्द ठरली. नदीच्या दक्षिणेचा मुलूख करवीर गादीकडे आला. कोडोली त्याच काठावरची. दक्षिण कोकणातला सिंधुदुर्गही करवीरच्या वाट्याला आला आणि त्या गादीचा कारभार तेव्हा पन्हाळ्यावरून चालत होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं. त्या वेळी पन्हाळ्यावर करवीर गादीच्या जिजाबाईसाहेब राज्य पाहत होत्या. पुढच्याच वर्षी पैसे भरून किल्ला परत मिळवला गेला. शेवटी १८१२ च्या तहात मालवणसह तो इंग्रजांकडे गेला. आपल्या शेताच्या बांधाजवळून वाहणाऱ्या नदीवर झालेल्या तहाने समुद्रातल्या तटाचं भवितव्य ठरवलं होतं, हे तटावर उभं राहून ऐकताना आमच्या गाडीतले आबा, जे एरवी कुठेही पाच मिनिटांत 'चला आता' म्हणतात, ते बुरुजावरून हलायला तयार नव्हते. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळा आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. तो धागा पोरांना इथे समजावून सांगावा.

तासाची मुदत वाढवून घेता येते का, हे धक्क्यावरच विचारावं. सकाळच्या पहिल्या होडीने गेलात तर गर्दी कमी असते आणि परतीच्या होडीला थोडं मागेपुढे चालतं. सुट्टीतल्या रविवारी दुपारी गेलात तर रांगेतच वेळ जाईल, आणि मग ती फेरी घेऊ नये असंच मी म्हणेन.

पाण्याखालच्या प्रवाळाबद्दल थोडक्यात. किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. पाणी नितळ असेल तर, म्हणजे पावसाळ्याचा गाळ बसल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तोंडाला नळी लावून वरून पाहणं सुखाचं. मात्र प्रवाळ हा प्राणी आहे; त्यावर पाय ठेवला की तो मरतो. मार्गदर्शक जर 'इथे उभे राहा, फोटो काढतो' म्हणाला तर पाण्यातून बाहेर यावं.

सुरक्षेपुढे बाकी सगळे हिशेब मागे पडतात. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. मेच्या अखेरीस समुद्र बदलू लागतो, आणि म्हणूनच पावसाळ्यात, ऑगस्ट संपेपर्यंत, इथली पर्यटक-होडी बंद ठेवतात. त्या काळात कोणी 'गुपचूप नेतो' म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलूच नये. एरवीही जीवरक्षक जाकीट हातात नाही, अंगात हवं, बंद बांधलेले, पोरांना त्यांच्या मापाचं. होडीत किती माणसांची परवानगी आहे ते विचारावं आणि धक्क्यावर उभं राहून मोजावं. 'दोघं जास्त झाले तर काय होतंय' हे आपल्याच गाडीतलं कोणीतरी म्हणणार. त्याला थांबवायचं काम मोठ्या माणसाने करावं. दर ठरवताना तो माणशी आहे की होडीमागे, किती तासांचा, आणि त्यात वाळूदांड्यावर उतरणं धरलंय का, एवढं एका दमात विचारून घेतलं की परतताना वाद होत नाहीत. घासाघीस मात्र फार करू नये. डिझेल, खलाशाची मजुरी, जाळी सोडून होडीवर आलेल्या माणसाचा सगळा हंगाम पावसाळा वगळता उरलेल्या महिन्यांतच बसवायचा असतो.

ज्यांना होडी नकोच, त्यांना किनाऱ्यावर ठेवून जाण्यात काही वाईट नाही. आमच्या गाडीतल्या एका मामींना पाण्याची भीती. त्या किल्ल्याला आल्या नाहीत. दांडीच्या बाजूला रापण ओढणं चाललं होतं. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं किनाऱ्यावरून दोन टोकांनी माणसं ओढतात, म्हाताऱ्या बायकांपासून शाळकरी पोरांपर्यंत. मामी आधी बघत होत्या, मग दोरीला हात लावला, आणि शेवटी त्यांना वाट्यातली मूठभर मासळी मिळाली. तिथून जवळच मोरयाचा धोंडा आहे, किल्ल्याच्या पायाभरणीच्या वेळी जिथे पूजा झाली असं सांगतात तो खडक, गणपती आणि सूर्य-चंद्र कोरलेला. पावसाळ्यात होड्या बंद असताना गेलात तरी तो पाहता येतो, आणि तिथून समोर तट दिसतो.

एकच सकाळ हातात असेल तर किल्ला घ्या, पहिली होडी, माहीतगारासह. दोन सकाळी असतील तर दुसरी देवबागची, तिथी पाहून. मुक्काम तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात केला तर दोन्ही ठिकाणं हाताशी येतात. होडी आदल्या संध्याकाळी तांडेलाशी स्वतः बोलून ठरवा आणि त्याला आधी एवढंच विचारा, उद्या ओहोटी किती वाजता आहे.